कुंभारणीची माती

यंदाही ती आलीच. दहावीचे पेपर सुरू झाले, वैनगंगेवरून येणाऱ्या वाऱ्याला ऊन चढलं, आणि एका दुपारी मी परीक्षेच्या ड्यूटीवरून घरी येऊन पंख्याखाली टेकते न टेकते तोच ती कानाजवळून गेली. काळी-पिवळी, कंबर दोऱ्याएवढी, पाय खाली सोडलेले आणि तोंडात तुरीच्या दाण्याएवढी ओली माती. तिने खोलीत एक फेरी मारली, टीव्हीच्या वायरी तपासल्या, माझ्या चष्म्याच्या डबीपाशी थोडा विचार केला आणि शेवटी खिडकीच्या चौकटीचा वरचा कोपरा पसंत केला.

"अगं, गांधीलमाशी शिरली!" म्हणत आमचे हे झाडू घेऊन धावले.

"गांधीलमाशी नाही ती, कुंभारीण आहे. ठेवा तो झाडू."

"चावते ना पण?"

"तुम्हाला चावायला वेळ आहे का तिच्याजवळ? घर बांधायचंय तिला. तुम्ही जा बरं तिकडे."

हे गेले. पण माझा आवाज नको तितका चढला होता, हे माझं मलाच कळलं. मातीच्या टिपक्यासाठी नवऱ्यावर ओरडण्याचं काही कारण नव्हतं. कारण दुसरंच होतं, आणि ते फार जुनं होतं.

भंडाऱ्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, राहते नदीच्या अलीकडे कारध्याला. पोरं कागदात गुंडाळून, काडेपेटीत घालून, कधी चक्क डब्यात कोंडून माश्या घेऊन येतात. "मॅडम, ही कोणती?" मी सांगते. मधमाशी एकदा डंख मारते, नांगी आपल्या अंगात सोडते आणि मरते. गांधीलमाशी नांगी सोडत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा मारू शकते. तिचं पोळं कागदासारखं असतं, सुकलेलं लाकूड चावून चावून केलेलं, आणि त्यात मध शोधू नका, मिळणार नाही. पोरांना वाटतं मॅडमनी मोठमोठी पुस्तकं वाचली असतील. वाचली, नाही कशाला म्हणू? पण हे सगळं मला पुस्तकांच्या आधी कळलं होतं. एका फाल्गुनात, आमच्या छपरीत, मोहाची फुलं निवडत बसलेल्या बाईकडून. ती माझी वयनी.

आमच्याकडे वहिनीला वयनीच म्हणतात. आमचं गाव तुमसरकडचं, तलावाला लागून. पाळीवर उभं राहिलं की एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या. वयनी आली ती नाकाडोंगरीच्या पलीकडून, रानाला चिकटलेल्या गावातून. तिचे वडील मोहोळ काढायचे. लग्नात ती सोबत काय घेऊन आली, तर दोन लुगडी, पाण्याचा एक पितळी गुंड आणि माश्यांची सगळी विद्या. लुगडी विरली, गुंडाला पोचे आले. विद्या माझ्याजवळ आहे.

त्या वर्षी मी दहावीला होते. घरात आई, दादा, वयनी आणि मी. आई पहाटे मोह वेचायला जायची, परत येऊन अंगणात पसरायची आणि लगेच दुसऱ्या कामाला निघायची. दादा शेतावर. दुपारचं घर आम्हा दोघींचंच असायचं. मोहाचा तो गोड, जरा आंबूस, डोकं जड करणारा वास. बोडीकडच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याकडच्या, पळसांवर पेटलेला रंग. मी छपरीत पुस्तक घेऊन बसायची आणि वयनी सुपात फुलं घेऊन समोर. मी डुलक्या खायला लागले की ती सुपाची कड वाजवायची.

"कुंदाबाई, डोळे मिटाचेच आहेत तं नीट मिट. आन सांग, आता कोन आली?"

ही तिची परीक्षा. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून ओळखायचं. घोंऽऽ करत जड आवाज आला की भुंगा. तो आमच्या छपराच्या बांबूला अशी गोल भोकं पाडायचा की सुताराने गिरमिटाने पाडली असावीत, आणि खाली पिवळा भुसा. बारीक, सलग, घाईचा आवाज म्हणजे सातेरी मधमाशी. ती पाळीवरच्या आंब्याच्या ढोलीत राहायची, आत एकाशेजारी एक पोळी लावून. आवाज जवळजवळ नाहीच, पण केसांत काहीतरी वळवळतंय, असं झालं की त्या बारीक काळ्या माश्या. त्यांना डंखच नसतो. मातीच्या भिंतीतल्या फटीत राहतात आणि दाराला मेणाची नळी लावतात. गांधीलमाशीचा आवाज मात्र मला कधी जमला नाही. एकदा मोठ्या तोऱ्यात "भुंगा!" म्हणाले आणि कानाच्या पाळीवर असा डंख बसला की पुस्तक अंगणात.

"घे, नापास झाली," म्हणत वयनी चुना लावत होती आणि हसत होती. मी रडत होते, तर तिला आणखीनच हसू यायचं. शेवटी मीही हसले. कान दोन दिवस पुरीएवढा फुगला होता.

आग्या मोहोळ पाळीवरच्या सावरीला लटकलेलं असायचं, अंगणातूनही दिसायचं. त्याच्याबद्दल मात्र ती हसून बोलत नसे. "ते उठलं का घर पाह्याचं आन दार लावाचं. पान्यात उडी माराची नाही. तू बुडी मारशीन, ते वर वाट पाह्यत राह्यते. तुले किती वेळ दम धरता येते?"

तिचे वडील असेच पाण्यात गेले होते का, हे मी कधी विचारलं नाही. पंधराव्या वर्षी माणसाला दुसऱ्याचं काही विचारायचं सुचत नाही.

आणि कुंभारीण. तिचा नंबर सगळ्यांत वरचा. त्या वर्षी तिने आमच्या दिव्याच्या देवळीतच घर केलं, भिंतीतल्या त्या कोनाड्यात, वरच्या बाजूला. न्हाणीपाशी पाणी सांडायचं, तिथून ती चिखल उचलायची. वयनी मातीचा रंग पाहून कुठली माती ते सांगायची. "हे काळी, तलावातली. आन हे पाह्य लालसर, रस्त्याच्या मुरमाची. आज बाई दूर गेली होती." एका कोठडीत एका रंगाचे पट्टे, दुसरीत दुसऱ्या. आम्ही दोघी देवळीखाली माना वर करून उभ्या राहायचो.

आईने तर त्या दिवसापासून देवळीतला दिवाच काढून ओट्यावर ठेवला. कुंभारणीला धूर लागू नये म्हणून! कुंभारणीने घरात घर केलं की त्या घरात लेकरू येतं, ही आईची पक्की समजूत. आणि वयनीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. आई तोंडाने काही म्हणत नसे. पण झाडताना देवळीकडे पाहायची, जाता-येता पाहायची, आणि त्या दिवसांत वयनीला तिने दोनदा स्वतःच्या हाताने दूध दिलं. आमच्या घरात दूध दादासाठी असायचं. वयनीने ते दूध उभ्या-उभ्या प्यायलं आणि वाटी धुऊन पालथी ठेवली.

तिला कुंभारीण आवडायची ती वेगळ्याच कारणाने. "तिले मालूम, आपल्याले लेकरू होत नाही," ती मला एकदा म्हणाली. "मंग ते रानातून हिरवी आळी धरून आनते. दुसऱ्याचं लेकरू. आत ठेवते, दार लिंपते, आन भाईरून गुनगुन करत राह्यते. आयकून आयकून त्या आळीची कुंभारीनच होते. दुसऱ्याचं आपलं होऊन जाते."

हे तिने सांगितलं तेव्हा ती मोह निवडत होती. हात थांबले नव्हते.

आणि मी काय म्हणावं? "काही तरीच काय वयनी. सरांनी शिकवलं आम्हाला. आळी तिच्या पिल्लाचं खाणं असते. अंडं आधीच घातलेलं असतं आत."

"तुह्या मास्तरनं घर फोडून पाह्यलं का?"

ती हसत म्हणाली. नणंद-भावजयीची थट्टा, बाकी काही नाही. पण मला ते लागलं. पेपर चार दिवसांवर आलेला, पाठांतर करून डोकं तापलेलं, आणि आपल्याला येतंय हे कुणाला तरी दाखवल्याशिवाय चैन पडेना. दुसऱ्या दिवशी आई बाहेर गेली तशी मी पाट घेतला, देवळीपाशी चढले आणि कंपासपेटीतल्या कर्कटकाचं टोक त्या मातीत घातलं. माती इतकी घट्ट असेल असं वाटलं नव्हतं. मग एकदम तुकडा निघाला.

"वयनी, या ना इकडे! बघा!"

ती ओले हात पुसत आली. एका कोठडीत चार-पाच हिरव्या आळ्या, मऊ, लुळ्या. दुसरीत पांढरट, जाडसर एक पिल्लू आणि त्याच्या तोंडाशी अर्धी खाल्लेली आळी.

"पाहिलंत? खातं की नाही?"

वयनी बराच वेळ पाहत राहिली. मग कोठडीतल्या आळीला तिने बोटाने हळूच स्पर्श केला. "हे जिती आहे का व?"

"जितीच आहे. हलता येत नाही फक्त. डंख मारून ठेवलंय ना तिने."

"जिती," ती म्हणाली. "अन् मंग गुनगुन कायले करते?"

"पंखांचा आवाज असतो तो." हे मी कोणत्या सुरात म्हणाले, ते मला अजून ऐकू येतं. वर्गात एखादी पोरगी त्या सुरात बोलली की मला तिचा कान धरावासा वाटतो.

ती न्हाणीपाशी गेली, चिमूटभर ओली माती आणली आणि बोटाने ते भगदाड लिंपून टाकलं. पण तिच्या बोटाची माती आणि कुंभारणीची माती सारखी कशी दिसणार? आई दारातून आत आली ती सवयीने देवळीकडेच पाहत आली.

"कोनं फोडलं?"

कर्कटक माझ्या हातात होतं. मी ते फ्रॉकच्या घडीत लपवलं. ही एवढी हालचाल वयनीने पाहिली.

"माह्या हातून फुटलं आई," ती म्हणाली. "जाळं काढाले गेली तं."

आईने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती वयनीकडे पाहत उंबऱ्यावर बसली. "आपल्याच हातानं?" एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

नंतर वयनी माझ्याजवळ आली. मी पुस्तकात तोंड घालून बसले होते, एक अक्षर दिसत नव्हतं. "वाच," ती म्हणाली. "डोक्यात काही घेऊ नोको. पहिले तुहे पेपर होऊ दे." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. हाताला मोहाचा वास होता.

मला वाटलं, ती म्हणतेय की विसरून जा. मला तसंच वाटायला हवं होतं, म्हणून वाटलं.

पेपर झाले. शेवटच्या पेपरच्या संध्याकाळीच मी वरठीला मामाकडे निघून गेले. मामीच्या हातचं खाल्लं, मामाची सायकल शिकले, रेल्वे फाटकावर उभी राहून गाड्या मोजल्या. दोन महिने. परत आले तेव्हा अंगणात मोहाचा वास नव्हता आणि छपरीत वयनी नव्हती. अक्षय्य तृतीयेला माहेरी गेली, तिला आणायला कोणी गेलं नाही.

"दादा जाणार नाही का?" मी आईला विचारलं.

"जिनं आपल्या हातानं घर फोडलं, तिले कोन आनाले जाते?" आई म्हणाली आणि तांदूळ पाखडत राहिली.

आता सांगायला हवं होतं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, आई, मी फोडलं. तीन शब्द. पण दोन महिन्यांनी ते तीन शब्द फार मोठे झाले होते. आधी का नाही बोललीस, हा प्रश्न त्यांच्यामागे उभा होता. मी गप्प राहिले. निकाल लागला. विज्ञानात गावात पहिली! आईने पेढे वाटले, आणि मी ते खाल्ले, काय सांगू.

माझी आई वाईट नव्हती. कुंभारणीच्या घरामुळेच वयनी गेली असंही नाही, सहा वर्षांचं सगळं साठलेलं असणार. पण आईला धरायला एक गोष्ट हवी होती, ती मी तिच्या हातात दिली. पुढे दादाचं दुसरं लग्न झालं. त्या बायकोच्या वेळीही देवळीत कुंभारणीने दोनदा घर केलं, आईने दोनदा दिवा हलवला, आणि पाळणा काही हलला नाही. त्यावर आमच्या घरात कोणी एक शब्द बोललं नाही. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी मीच होते. तेव्हाही सांगायचं होतं. तिने पाणी मागितलं, मी पाणी दिलं.

मला वयनीची आठवण येते ती अशी अपराधाचीच येते असं समजू नका. फार साधी येते. पोळ्या लाटताना येते. कानाला डूल घालताना येते. शाळेच्या मैदानावरच्या पाण्याच्या टाकीला आग्या बसतो, मुख्याध्यापक घाबरून नोटीस काढतात, पोरं टाकीखालून मुद्दाम जातात, आणि मला वाटतं, ती असती तर तिने एका आवाजात सगळ्यांना वर्गात कोंबलं असतं. कधी रिकाम्या तासाला मी डोळे मिटून बसते. खिडकीतून काहीतरी येतं, जातं. मी ओळखते. बरोबर की चूक, सांगणारं कोणी नसतं. किती वर्षं झाली मला त्या परीक्षेला बसून! ते सूप वाजवणारं माणूस मला पाहिजे आहे, बस. दुसरं काही नको.

दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात नाकाडोंगरीकडची एक बाई भेटली. बोलता बोलता कळलं, वयनी तिच्याच गावात अंगणवाडीत मदतनीस आहे, आता निवृत्तीला आली आहे. एकटीच राहते, भावाच्या शेजारी. मी नंबर घेतला. मोबाइलमध्ये 'वयनी' असा घातला. आणि लावला नाही. भाजीवाल्याचा नंबर शोधताना तो खाली दिसायचा आणि मी बोट लवकर लवकर सरकवायची. चोरच ना मी!

परवा कुंभारणीची तिसरी कोठडी झाली. हे रोज सकाळी चहा घेऊन खिडकीपाशी उभे राहतात आता, त्यांनाही नाद लागला. "आज काहीतरी हिरवं घेऊन गेली आत," मला म्हणाले. "काय असेल गं?"

मी मोबाइल घेतला आणि अंगणात गेले.

चार वेळा वाजला. मग मागे पोरांचा गलका, कोणीतरी रडतंय, कोणीतरी बडबडगीत म्हणतंय, आणि एक आवाज, जरा जाड झालेला.

"ए, बसा रे जराशे! हॅलो, कोन बोलून राह्यलं?"

"वयनी, मी कुंदा."

गलका तसाच चालू.

"कुंदाबाई?" ती म्हणाली.

कशा आहात, कुठे असता, तब्येत कशी, असं सगळं मी ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एकही आठवेना. "माझ्या खिडकीत कुंभारणीनं घर केलं," मी म्हणाले.

"माती कशी आहे?" तिने लगेच विचारलं. "काळी का लाल?"

"राखेसारखी. शेजारी बांधकाम चालू आहे ना."

"हं. शिमिटाची असन. लय कडक होते ते. पिल्लाले भाईर याले तरास होते." मग जरा थांबून, "पाह्य हं, फोडू नोको."

तिने टोचून म्हटलं नाही. ती माशीचंच बोलत होती. पण मी तुळशीच्या ओट्यावर बसले.

"वयनी, तेव्हा ते मी फोडलं होतं. आईला मी सांगितलंच नाही. शेवटपर्यंत नाही सांगितलं."

"मले मालूम आहे ना व. मी तेथंच होती ना."

"मी सांगायला पाहिजे होतं."

"होय," ती म्हणाली. नाही-नाही, जाऊ दे, असं काही म्हणाली नाही. होय म्हणाली. "मी वाट पाह्यली तुही. म्हटलं, पोरीची परीक्षा आहे, पेपर होऊ दे, मंग सांगन ते. माहेरी आली तं रोज रस्त्याकडे पाहो. म्हटलं, आता सांगितलं असन, आता तुहा दादा येईन घ्याले."

मी रडत होते आणि तिला ते ऐकू जात होतं. तिकडे एका पोराने दुसऱ्याला मारलं, तिने फोन बाजूला धरून दोघांनाही दटावलं, आणि परत आली. आवाजात मला सुपाची कड वाजल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"मंग कुंदाबाई," ती म्हणाली, "झाले का पेपर?"

"झाले वयनी," मी म्हणाले. "आत्ताच झाले."